आईला वजा करून

मुलांसाठी पुस्तक निवडण्याची कटकट आता संपली होती. वाचनालयात जाऊन चार पुस्तकं चाळायची, चित्र बघून एखादं घरी आणायचं आणि दहा पानांत कंटाळून टाकून द्यायचं, हे सगळं इतिहासजमा झालं होतं. दहा-बारा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा एक 'प्रतिवाचक' असे. मुलाच्या डोक्यावर टोप चढवून त्याला थोडा वेळ वाचायला लावायचं. वाचताना मेंदूत जे तरंग उठतात, त्यांवरून संगणकात त्याच्या वाचक-मनाची हुबेहूब नक्कल तयार व्हायची. मग ती नक्कल भराभर हजारो कादंबऱ्या वाचून काढी, आणि जी सर्वांत आवडेल तिचं नाव आईबापांच्या हाती पडे. अंदाज कधी चुकत नसे. निदान सगळे तसं समजत होते.

कुमुद बेलसरेही तसंच समजत होती. म्हणूनच ती आज डॉ. विश्राम नाईकनवरे यांच्यासमोर बसून जवळजवळ भांडत होती. प्रतिवाचकाची मूळ कल्पना त्यांचीच.

"डॉक्टर, तुमच्या यंत्रानं सांगितलेली तिन्ही पुस्तकं वाचून दाखवली मी. घसा बसला माझा. शालूची पापणीसुद्धा लवली नाही हो!"

शाल्मली ही कुमुदची अकरा वर्षांची एकुलती एक मुलगी. मेंदूज्वराचा ताप उतरला, पण ती शुद्धीवर येईना. मनाला ओढ लागेल असं काहीतरी कानावर पडत राहिलं तर ती परत येईल, असं इस्पितळात सांगितलं होतं. फार दिवस गेले तर मात्र आशा नाही, हेही सांगितलं होतं. शालूला ओढ कशाची? पुस्तकांची! कुमुदला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

नाईकनवऱ्यांनी पडद्यावर शालूचा जुना आलेख काढला. "टोप घातला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिच्या शेजारी, हात धरून, तिच्याच पुस्तकात बघत. घाबरली होती ती. सगळ्याच आया बसतात की!"

"बसतात." ते चष्मा काढून पुसत राहिले. "तिथेच आमचं चुकलं. ही रेष बघा. पानावर विनोद येतो, तेव्हा ती जागची हलत नाही. मग मुलगी तुमच्याकडे बघते, तुम्ही हसता, आणि रेष वर जाते. आम्ही समजलो, तिला विनोद आवडला. तिला आवडलं होतं तुमचं हसणं. ताई, प्रतिवाचकानं तिच्या आवडीची पुस्तकं निवडलीच नाहीत. तुम्हाला आवडतील ती निवडली."

प्रत्येक पुस्तक संपवून शालू म्हणायची, "मस्त होतं गं, आई." मग आई खूश व्हायची आणि शालू पुढचं पुस्तक घ्यायची. हे सगळं कुमुदला आता आठवलं.

"मग तिला काय आवडतं?" तिनं विचारलं. पोटच्या पोरीबद्दल हा प्रश्न परक्या माणसाला विचारताना तिला लाज वाटली, पण लाजायला सवड नव्हती.

"तुमच्या असण्यानं उठलेले तरंग वेगळे ओळखता येतात. ते वजा करून प्रतिवाचक पुन्हा चालवतो."

समोरचा चहा निवायच्या आत यंत्रानं नाव दिलं. शाळेच्या गच्चीवर चोरून रेडकू पाळणाऱ्या चार वात्रट पोरांची कादंबरी. कुमुदनं ती लगेच ओळखली. शालूनं मैत्रिणीकडून आणली होती, आणि 'असलं काय वाचतेस' म्हणून कुमुदनंच ती परत पाठवली होती.

"आणते मी कुठूनही," ती उठलीच.

"थांबा," नाईकनवरे म्हणाले. "ती तुम्ही वाचू नका. तुमचा आवाज ऐकला की ती पुन्हा तुमच्या हसण्याची वाट बघेल. ही निवड तुम्हाला वजा करून झाली आहे. खोलीतसुद्धा थांबू नका."

"आई आहे मी तिची!" कुमुदला रडू आवरेना. "ती डोळे उघडेल आणि मी तिथे नसेन?"

नाईकनवऱ्यांनी पडद्यावरचा आलेख मिटवला. त्यांनाही मुलगी होती, आणि तिला टोप चढवला तेव्हा तेही हात धरूनच बसले होते.

इस्पितळातल्या नर्स, सिस्टर लोबो, शालूच्या खोलीत ते पुस्तक वाचून दाखवत होत्या आणि कुमुद दाराबाहेरच्या बाकावर बसून होती. पहिला दिवस कोरडा गेला. सिस्टर किती सपाट वाचतात, असं तिला राहून राहून वाटे. आपण किती रंगवून वाचलं असतं! दुसऱ्या दिवशी दुपारी रेडकू हेडमास्तरांच्या खोलीत शिरलं, आणि आतून एक बारीक, घोगरा आवाज आला. शालू हसत होती. असं फिसकन, नाकातून हसणं कुमुदनं कधी ऐकलंच नव्हतं. ती धावत दाराशी गेली आणि तिनं दाराची मूठ घट्ट धरली. आता ती आई कुठे आहे विचारेल, मग आत जायचं. तिनं दाराला कान लावला. विचार गं, एकदा तरी विचार.

"पुढे वाचा ना," शालू म्हणाली.

सिस्टरांनी पान उलटलं. कुमुदनं दाराची मूठ सोडली आणि आवाज होऊ नये म्हणून पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.