पाऊण इंच सुतळी

"बाय, ही सुतली घरान ठेवू नको. उतरत्या पान्यान सोर," असं सखुबाईंनी निघताना मला सांगितलं होतं. मी मान हलवली आणि हसू दाबलं. नीट दाबलं नसावं, कारण त्या दारातून वळून माझ्याकडे बघून गेल्या.

त्या दिवशी खाडी माझ्या घरापासून शंभर पावलांवर होती, आणि ओहोटीही होती.

आम्ही ठाण्यात चेंदणीला राहतो. माझा नवरा डॉमनिक रेल्वेत कारकून आहे. लग्नाआधी मी मुंबईला कॉलेजात दोन वर्षं डॉक्टरकी शिकले. माणसाचं हाड न् हाड हातात घेऊन पाहिलेलं. मांडीचं हाड अंगातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात बळकट, हे मला कुणी सांगायला नको. गेल्या डिसेंबरात माझी पाच वर्षांची सुझाना परसातल्या पेंढ्याच्या उडवीवरून घसरली आणि दगडी उखळावर पडली. तिचं ते हाड मधोमध मोडलं. तो आवाज मी चुलीपाशी ऐकला.

डॉक्टर आले. काखेपासून टाचेपर्यंत फळी बांधली, पाय ओढून धरायला खाली वजन टांगलं आणि सगळं डॉमनिकला समजावून सांगितलं. मी तिथंच उभी होते. पाय आखूड राहील का, असं मी विचारलं, तर उत्तरही त्यालाच दिलं. अर्ध्या इंचावर भागलं तर नशीब समजा, म्हणाले. तेव्हा जो राग माझ्या डोक्यात शिरला तो अजून उतरलेला नाही. पुढं जे झालं त्यात त्याचाही वाटा आहे, म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाईंनी मला न विचारता कोपरीच्या मिठागरावरून सखुबाईंना बोलावलं. मीठ ओढायचं त्यांचं रोजचं काम. हाडं बसवायची विद्या आजीकडून आलेली. त्यांनी आमच्या घरातल्या गुंडीतून काथ्याची कोरी सुतळी घेतली, सुझानाच्या धड पायावर खुब्यापासून घोट्यापर्यंत ताणली आणि तिथंच कापली. ते मोडक्या पायाचं माप. दर चौथ्या दिवशी त्या येत, सुतळी मोडक्या पायावर धरत आणि वजन कमीजास्त करत. आमचे प्रोफेसर फितीनं हेच करायचे. म्हणून मी आडवी आले नाही. मी आपली ती सुतळी फितीवर मोजली आणि वहीत टिपून ठेवली. वीस इंच, ना जास्त ना कमी.

सहाव्या आठवड्यात हाड जुळलं. दोन्ही पाय सारखे. सखुबाईंनी सुतळी माझ्या हातात दिली आणि ते सांगितलं. मी कारण विचारलं; हाड तर जुळलं होतं.

"हाराचा काम झाला. सुतलीला थांबाचा कलत नाय."

त्या डॉक्टरला दाखवायचा पुरावा म्हणून मी सुतळी बिस्किटांच्या डब्यात घालून मेजाच्या खणात ठेवली.

फेब्रुवारीत मोडलेला पाय पाव इंच लांब भरला. मी घाबरले नाही. लहान मुलांत मांडीचं जुळलेलं हाड काही महिने जोरानं वाढतं, हे मी वाचलेलं. मार्चमध्ये अर्धा इंच झाला. उभी राहताना सुझाना तो गुडघा वाकवून ठेवायला लागली. एकदा अंगणातून येताना मधेच थांबली आणि म्हणाली, "आई, हा पाय पुढं जातो. मी मागं राहते."

मी खणातून सुतळी काढली आणि धड पायावर लावली. ज्या पायावर ती कापली होती त्याच पायावर ती आता घोट्याच्या खाली लोंबत होती. दुसऱ्या पायावर लावली. बरोबर बसली.

फितीवर साडेवीस इंच भरली.

काथ्या सैलावतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून मी त्याच गुंडीतला दुसरा वीस इंच तुकडा कापून त्याच डब्यात ठेवला. आठ दिवसांनी तो वीस इंच होता. पहिली सुतळी साडेवीसच्या पुढं गेलेली. पायही.

डॉमनिकला वही दाखवली. तो इतका हसला की सासूबाई बाहेर आल्या. "कॉलेजात हेच शिकवलं काय गो तुला, सुतळीला पाणी घालायला?" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगून आला. सासूबाई हसल्या नाहीत. तू ती सोडली नाहीस ना, एवढंच विचारलं.

मी भर उन्हात मिठागरावर गेले. सखुबाई फळीनं मीठ ओढत होत्या. मी सगळं सांगितलं तशी त्यांची फळी थांबली. आजच्या ओहोटीला सोडते, असं मी म्हणाले.

"आता नको. आता ती ग्येली तं हार तिच्या मागून जाल."

मग हे आधी का नाही सांगितलंत, म्हणून मी ओरडले. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. सखुबाई शांतपणे म्हणाल्या, "तू हासलीस," आणि पुन्हा मीठ ओढायला लागल्या.

घरी आले आणि थेट खण उघडला. त्या डॉक्टरचा राग, डॉमनिकचा, सखुबाईंचा, आणि सगळ्यांहून जास्त त्या डब्यातल्या वस्तूचा. मी ती मेजावर ताणली. वीस आणि पाऊण इंच. विसावर खूण केली आणि कात्रीनं जास्तीचं कापून टाकलं.

अंगणात सुझाना मटकन खाली बसली.

ती रडली नाही. मी धावत गेले, पाय मोजले. वीस. वीस. तीनदा मोजले. गुडघा सरळ ठेवून ती उठली आणि खेळायला लागली. त्या दिवसापासून ती सुतळी वीस इंचच आहे.

तुकडा जमिनीवर पडलेला.

आमच्याकडे कामाला असलेली तुळसा दारात उभी राहून सगळं बघत होती. कडेवर तिची दीड वर्षांची शालू. मुडदुसानं त्या पोरीच्या दोन्ही मांड्या बाहेर वाकलेल्या. ती अजून उभी राहत नव्हती. तुळसानं हळूच विचारलं, बाई, तो तुकडा मी घेऊ? सुझानाचा पाय नीट झाला, माझ्या शालूचा होईल.

"घे, आणि चालती हो. परत तो माझ्या डोळ्यांपुढं आणू नकोस."

हे मी म्हणाले. माझ्यावाचून हे कुणी म्हणालेलं नाही.

तिनं तो चिंधीत शिवला आणि काळ्या दोऱ्यानं शालूच्या डाव्या मांडीला बांधला. त्याच आठवड्यात प्लेगच्या भीतीनं ती पोरीला घेऊन नवऱ्याकडे शहाडला गेली. तिचा नवरा गोपीनाथ तिथं उल्हास नदीच्या तरीवर, नाव लागते त्या धक्क्यावर, नावाडी आहे.

मे महिन्यात डॉमनिकचा सोबती लिनो रेल्वेच्या कामासाठी नदीपलीकडं जाऊन आला. दुपारी आमच्याकडे जेवायला बसला. गोपीनाथच्याच नावेतून उतरलो, वाटेवरच त्यांचं घर आहे, म्हणाला. तुळसानं मला मुद्दाम निरोप दिलेला. बाईंचे उपकार झाले, शालूची डावी मांडी सरळ झाली, आता पाळणा पुरत नाही.

डॉमनिक म्हणाला, पोरं वाढायचीच.

"तुम्ही तिला पाहिलंत?" मी विचारलं.

"पाय पाहिला. उंबऱ्याबाहेर काढून बसली होती."

"आणि ती कुठं होती?"

लिनोनं घास खाली ठेवला. मला वाटतं, तोपर्यंत त्यानं दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या नव्हत्या.

"आत. मागच्या चुलीपाशी," तो म्हणाला. मग पाण्याचा पेला उचलत, "घर लहान असेल."

डॉमनिक हसला. लिनोनं पुढं जेवण केलं नाही.

याला तीन आठवडे झाले. कल्याणला गाडीतून उतरवून प्लेगची तपासणी होते, बायकांनाही रांगेत उभं करतात, म्हणून डॉमनिक मला जाऊ देत नाही. तो स्वतःही जात नाही. दोन पत्रं टाकली. तुळसाला वाचता येत नाही, आणि तिला वाचून दाखवणारा कुणी आहे की नाही, मला माहीत नाही. सखुबाई मला पाहून तोंड फिरवतात.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणी शहाडकडं जाणार असेल, तर शालूला बघून या. ती जेवते का, बोलते का, आईच्या कडेवर बसते का, एवढं मला कळवा. मांडीचा काळा दोरा सोडू नका. चिंधीतलं काही कापू नका. पाय मोजायला तर मुळीच जाऊ नका.

घर विचारत बसायची गरज नाही. तरीवर उतरलात की वाट सरळ आहे. फक्त पायाखाली बघून चाला.