इस्पिकची नव्वी, बदामचा राजा

ही गोष्ट खरी आहे.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ज्या मावशीने ही मला सांगितली, तिच्यावर आहे. तिला थापा मारता येत नाहीत. मारायला गेली की आधी तिचे कान लाल होतात.

गेल्या थंडीतली, एका मंगळवारची संध्याकाळ. छापखान्यामागच्या गल्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आतल्या खोलीत पत्त्यांचं टेबल.

मला मावश्या दोन. थोरली आणि धाकटी. दोघी बिनलग्नाच्या, एकत्र राहायच्या. थोरली दिवसभर कपडे शिवायची आणि दिवेलागणीला पत्ते मांडून लोकांचं भविष्य सांगायची. मापं दोन्हीकडे घ्यायची, उसवायचे मात्र फक्त कपडे, सांगितलेलं भविष्य नाही, असं ती म्हणायची.

तिचा नियम साधा होता. एकटा पत्ता मुका असतो. बोलते ती जोडी. आणि जोडी वाचायची ती मांडणाऱ्याच्या डाव्या हाताकडून. आधी डावीकडचा पत्ता, मग उजवीकडचा. क्रम उलटला की अर्थ उलटला.

वाचताना ती प्रत्येक पत्त्यावर अंगुस्तान वाजवायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ती धातूची टोपी.

टक्... टक्.

तरुणपणी धाकटीला एका चष्मेवाल्याने मागणी घातली होती. सज्जन माणूस. धाकटीला आवडलेलाही. तेव्हा तिला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती ताईसमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

थोरलीने जोडी मांडली. पहिली टक् धाकटीच्या डाव्या हाताकडच्या बदामच्या राजावर. दुसरी इस्पिकच्या नव्वीवर.

"आधी पुरुष, मागोमाग शोक," थोरली म्हणाली. "वर्षाच्या आत विधवा होशील गं."

धाकटीने नकार कळवला. त्याचा जीव वाचावा म्हणून. चष्मेवाला दुसऱ्या गावी गेला, तिथे त्याने लग्न केलं. धाकटी ताईजवळ राहिली. कपड्यांना काजं करत, पुढे पत्ते शिकत.

मग थोरली गेली. अंगुस्तान बोटात इतकं घट्ट बसलं होतं, की शेवटी ते तिच्याबरोबरच गेलं.

धाकटी पत्ते मांडू लागली आणि पहिल्याच दिवशी...

टक्... टक्.

टेबलावर. कुणीही हात लावलेला नसताना.

दुसरी एखादी घर सोडून पळाली असती. धाकटी आनंदाने रडली. ताई सोबत आहे! हळूहळू सवय झाली. गिऱ्हाइकं दचकायची, आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन यायची.

तर त्या मंगळवारी धाकट्या मावशीकडे एक मुलगी आली.

"काकू, माझे बाबा चष्म्याचं दुकान चालवायचे. ते तुम्हाला ओळखतात."

एरवी कुणी काकू म्हटलं की मावशी फणा काढते. त्या दिवशी तिने मुलीला खुर्ची पुढे केली.

"आई जाऊन बरेच दिवस झाले," मुलगी म्हणाली. "बाबांनी विचारलंय, एकदा भेटायला आले तर चालेल का? स्वतः विचारायला लाजतात. या वयात! रोज टेकडी चढून येतात, पण फोन उचलायला हात कापतात."

मावशीने पत्ते पुढे ओढले.

"पत्त्यांना विचारू," ती म्हणाली.

मुलीने पत्ते पिसले, काटले. मावशीने ताईच्या खुर्चीत बसून जोडी उलगडली.

इस्पिकची नव्वी. बदामचा राजा.

मुलीचा चेहरा उतरला. "राजा, आणि मग ती काळी नव्वी... वाईट आहे का?"

"नाही गं, तुझ्या बाजूने नाही वाचायचं. माझ्या डावीकडून. आधी नव्वी. म्हणजे शोक सरेल, आणि मग पुरुष..."

मावशी थांबली.

त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ती होती, आणि राजा तिच्या डाव्या हाताला होता. आणि ताईने जोडी *तिच्या* बाजूने वाचली होती.

उभ्या जन्मात ताईने एकदाच उलटं वाचलं होतं.

"ताई?" मावशी पुटपुटली. "चूक झाली ना तुझी? सांग ना."

ती टक् ऐकायला थांबली.

काही नाही.

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच... काहीच नाही.

"बाबांना सांग, उद्या सकाळी या," मावशी म्हणाली आणि मुलीला घाईघाईने निरोप दिला.

मग ती आत आली. पत्ते तसेच होते. या वेळी ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. समोर ताईची रिकामी खुर्ची.

"आता वाच," ती म्हणाली. "खरं वाच."

खुर्ची किंचित करकरली...

टक्.

बदामचा राजा थरथरला.

टक्.

मग नव्वी.

चूक नव्हतीच ती. मरूनही ताईने आपला शब्द बदलला नाही.

सकाळी मावशी ठेवणीतले कपडे घालून दारापाशी बसली. हलली नाही. चहासुद्धा केला नाही. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. दारावर थाप पडली नाही.

दुपारी मुलीचा फोन आला. आवाज रुसलेला.

"काकू, नकोच होतं, तर काल मला सांगायचं. बाबांना जिने चढायला का लावले?"

"ते आले कुठे?"

"आले होते की! कितीतरी वेळ दार वाजवत होते. शेवटी तुमच्या ताईंनी आतून सांगितलं, 'तिला भेटायचं नाहीये. पुन्हा येऊ नका.' बाबांनी आवाज ओळखला."

मावशीने फोन खाली ठेवला. दाराची कडी तिच्या हातापासून वीतभर होती.

हे सगळं तिने मला घरी सांगितलं नाही. बागेत नेलं, लांबच्या बाकावर.

"मग त्यांना फोन करून खरं सांग," मी म्हणालो.

"तीनदा केला. ते उचलतात, मी 'हॅलो' म्हणते, पण पलीकडे त्यांना ऐकू येतो तो तिचाच आवाज." ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "भूत झाली म्हणून नाही रे भीती वाटत. माझी बहीण होती, म्हणून वाटते."

मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. गार पडले होते.

आणि तेवढ्यात, आमच्या दोघांच्या मधे, बाकाच्या लाकडावर...

टक्... टक्.

मावशीने हात सोडवून घेतले. पदर सारखा केला.

"निघते," ती म्हणाली. "बोलावतेय."