एक ठोका चालेल, दोन ठोके सांडा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला शेवटचा भाग मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर, भर दुपारी तीन वाजता पाहिलाय.

बाकीचं मला मामाने सांगितलं. मामा थापाड्या होता, मान्य. पण स्वतःची लाज कुणी थापेत सांगत नाही.

मामा फळांच्या रसाच्या कारखान्यात रस चाखायच्या कामाला होता. घरात, कारखान्यात सगळे त्याला ‘जिभल्या’ म्हणत. मामीने मीठ चिमूटभर कमी टाकलं, तरी पहिल्याच घासाला त्याची भुवई वर!

चाखायची पद्धत ठरलेली होती. दोन अरुंद खोल्या, मध्ये लाकडी फळी. एकीकडे आक्का, दुसरीकडे मामा. बोलायला बंदी. रस चाखायचा, थुंकायचा आणि चमच्याने फळीवर ठोकायचं.

एक ठोका... चालेल.

दोन ठोके... सांडा.

दोघांचा एकेक ठोका आला की बाहेर बसलेले साहेब रसाची टाकी पास करायचे.

आक्का तिथली सगळ्यांत जुनी चाखणारी. मामाला काम तिनेच शिकवलं होतं.

त्या वर्षी तापाची साथ आली. आक्का आठवडाभर खोकत घरी पडली. परत आली तेव्हा तिने मामाला बाजूला घेतलं.

“जिभल्या, चव गेली रे माझी. वाससुद्धा येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल महिन्याभरात. तोवर सांभाळून घे. तू आधी ठोक, मी तुझ्यामागून ठोकते.”

“आक्का, तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना.”

नऊ दिवस त्याने सांभाळलं. दहाव्या दिवशी त्याच्या डोक्यात किडा वळवळला. आक्का गेली तर मुख्य चाखणाऱ्याची जागा आपलीच.

पेले तोच भरायचा. तिच्या पेल्यात त्याने टाक्या धुवायचं साबणाचं पाणी ओतलं. वर थोडा रस. मग फळीवर एकदा ठोकलं.

पलीकडून एक ठोका आला.

“साहेब,” मामा ओरडला, “आक्काच्या पेल्यातलं जरा चाखा तरी!”

साहेबांनी जीभ लावली आणि थू थू केलं. माणसं पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्याने मामा हसला. आक्का हातात चमचा धरून नुसती उभी होती.

तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. तिच्या घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं. ताप उलटला, छातीत उतरला, आणि तीन आठवड्यांत आक्का गेली. मामा तिला पोचवायलासुद्धा गेला नाही. माझा मामा असला तरी सांगतो, हलकट माणूस.

जागा त्याला मिळाली. मग साथ फिरून आली आणि तिने मामाला गाठलं. बरा होऊन तो कामावर आला, पहिला पेला तोंडाला लावला...

काही नाही.

गोड नाही, आंबट नाही. नुसतं ओलं.

पलीकडची खोली रिकामी होती, बाहेरून कुलूप. नवीन माणूस यायचा होता, तोवर मामाच्या एकट्याच्या ठोक्यावर टाकी पास व्हायची. त्याने चमचा उचलला, पण ठोकायचं किती?

“काय हो, झोपलात का?” बाहेरून साहेबांनी विचारलं.

आणि फळीपलीकडून...

टक.

मामाने फळीला कान लावला. मग त्यानेही एकदा ठोकलं. टाकी गेली. कुणाची तक्रार आली नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडून दोन ठोके. त्यानेही दोन ठोकले. टाकी तपासली, तर तळाशी आंबलेला गाळ. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

महिनाभर हेच चाललं. एकदाही चूक नाही. मामाची भीतीसुद्धा मेली. निर्लज्जपणे फळीशी कुजबुजायचा, “आक्का, तुझ्यासारखी तूच!”

मग एका दुपारी मालक स्वतः आले. मामाने पेला तोंडाला लावला आणि थांबला...

ठोका नाही.

“आक्का?”

काही नाही.

“आक्का, ठोक ना गं. मालक उभे आहेत. साबण मीच घातला होता, मी नालायक आहे, तुझ्या पाया पडतो... पण ठोक!”

बाहेर शब्द न् शब्द ऐकू जात होता. मालकांनी पलीकडच्या खोलीचं कुलूप काढायला लावलं. आत जमिनीवर धुळीचा थर. त्यावर एकही पाऊल नाही. फक्त फळीवर, त्या बाजूने, चमच्याच्या टोकाएवढे खळगे... ताजे.

नोकरी तिथेच गेली.

संध्याकाळी मामीने ताट वाढलं. मामाने घास उचलला, आणि भिंतीतून...

टक. टक.

मामीला काहीच ऐकू आलं नाही. त्याने ताट सांडलं. तिने दुसरं वाढलं. पुन्हा दोन ठोके. मामीने त्याच ताटातलं खाऊन दाखवलं.

“बघा! मेले का मी?”

पण मामा ओळखणार कशावरून? जीभ मेलेली. आणि आक्का महिनाभरात एकदाही चुकली नव्हती. जीभ मेलेल्या माणसाला काय काय पाजता येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

चव परत आलीच नाही. दवाखान्यात नळ्या लावल्या, त्या त्याने उपटल्या. भुकेने लहान पोरासारखा रडायचा, आणि ताट समोर आलं की तोंड घट्ट मिटायचा. अंगावर हाडं तेवढी उरली.

शेवटच्या दुपारी मी त्याच्याजवळ होतो. त्याचे ओठ फाटले होते. मी पेल्यातलं चमचाभर पाणी त्याच्या ओठांपाशी नेलं.

“मामा, नुसतं पाणी आहे. घे ना रे.”

तो भिंतीकडे कान लावून होता. वाट बघत होता.

दोन ठोके आले नाहीत.

एकही आला नाही.

त्याने तोंड उघडलं नाही. तसाच, तहानलेला, गेला.

मी चमचा पेल्यात ठेवला. हात मागे घेतला, आणि भिंतीतून...

टक.

मामीने मान वर केली. पहिल्यांदाच तिला तो ठोका ऐकू आला होता.

“तू वाजवलास का रे चमचा?”

मी हो म्हणालो. खोटं बोललो. आजही तिला खरं सांगायची माझी हिंमत होत नाही.