गल्लीत माणूस आहे

आमच्या गोदामात नवी पद्धत आली, तेव्हा मला आनंदच झाला होता. भराभर खपणारा माल दाराजवळ आला, क्वचित लागणारा मागच्या गल्ल्यांत गेला. प्रत्येकाच्या कानात एक यंत्र. कुठल्या रॅकवरून काय उचलायचं, ते तेच सांगतं. दोघं एकाच गल्लीत अडकू नयेत म्हणून आधीच बजावतं, "गल्लीत माणूस आहे. थांबा." पायपीट वाचली, आणि माणसंही. मागच्या भागात मी एकटीच उरले.

घरीही कुणी नसतं. देवापुढे दिवा लावून निघायचं आणि इथे रॅकांमधून मनातल्या मनात नाव घेत हिंडायचं.

एका सकाळी शेवटच्या गल्लीपाशी यंत्र म्हणालं, "माणूस आहे. थांबा." गल्ली तर पार भिंतीपर्यंत रिकामी दिसत होती. तरी थांबले. थोड्या वेळाने, "गल्ली मोकळी आहे." आत गेले, तर मला हवं होतं तेच खोकं पुढे ओढून ठेवलेलं, लेबल माझ्याकडे करून.

मग हे रोजचंच झालं. सांगितलं तर खुळ्यात काढतील, म्हणून गप्प राहिले. खरं सांगू? बरं वाटायचं. निघताना हळूच "येते हं" म्हणायची सवय लागली.

"ताई, रिकाम्या गल्लीपुढे काय उभ्या राहता? आत देव बसवलाय का?" फोर्कलिफ्टवाला दादा हसायचा.

साहेब मात्र हसले नाहीत. "मावशी, थांबण्यातच तुमचा निम्मा वेळ जातो. आज वेग दिसला नाही, तर उद्यापासून येऊ नका."

उद्यापासून मी जाणार कुठे होते?

दुपारी पुन्हा कानात "थांबा" आलं. देवाचं नाव घेतलं आणि तशीच आत शिरले.

कुणी नव्हतं. खोकं अजून ओढलेलं नव्हतं. हात लावला. पुठ्ठा कोमट होता, कुणी आत्ताच हात काढून घेतल्यासारखा.

"गल्ली मोकळी आहे," यंत्र म्हणालं.

मी आतच होते.

गल्लीच्या तोंडाशी साहेब आले. त्यांची नजर माझ्यावरून भिंतीपर्यंत गेली आणि परत फिरली. "मावशी गेल्या कुठे?"

"आत्ता तर इथेच होत्या," मागून दादा म्हणाला.

"नाहीत ना? मग दिवे कशाला जाळायचे?"

"अहो साहेब, मी इथे आहे!" जन्मात कधी ओरडले नव्हते, तशी ओरडले.

खटका पडला.

अंधारात माझ्या शेजारी कुणीतरी, दाटीत जागा करून द्यावी तसं, जरासं सरकलं.