धक्का, धक्का, लाँच बोलतोय

रेडिओवर बोलायच्या आधी ऐकायचं, हा पहिला धडा मला आमच्या ह्यांनी दिला. चॅनलवर कुणी बोलत असेल तर त्याचं संपू द्यायचं. मग बाजूचं बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि मगच तोंड उघडायचं. घाई केली की पहिला शब्द अर्धाच जातो. सेट ओठांना चिकटवायचा नाही, वीतभर लांब धरायचा. आपलं झालं की 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचं. बटण दाबून ठेवलं तर समोरचा कितीही ओरडला तरी आपल्याला काही ऐकू येत नाही.

"म्हणजे संसाराच्या बरोबर उलट," मी म्हणाले होते.

"उलट कसं? बटण तू घरीही सोडत नाहीस," हे म्हणाले.

हे बंदराची छोटी लाँच चालवायचे. खाडीच्या तोंडाशी वाळू सतत सरकत असते. बोटींना वाट कळावी म्हणून तिथे तीन तरंगते बोये सोडलेले आहेत. पहिला धक्क्याजवळ, दुसरा मध्ये, तिसरा पार बाहेर, मोकळ्या समुद्राच्या तोंडावर. त्यांचे दिवे, साखळ्या, रंग, सगळं ह्यांच्याकडे. मी आधी शाळेत गणित शिकवत होते. निवृत्त झाले आणि घरात बसून ह्यांनी आणलेल्या भाज्यांना नावं ठेवायला लागले, तेव्हा हेच मला धक्क्यावरच्या केबिनमध्ये घेऊन आले. तिथे दिवसा रेडिओवर बसायला माणूस हवा होता. तीन बाजूंना काचा, एक टेबल, चहाची किटली, चार्जर, आणि खिडकीखाली लाँच बांधायचा लोखंडी खुंट. रेडिओवर माझं नाव 'धक्का' आणि ह्यांचं 'लाँच'. हे आल्यागेल्याला सांगायचे, "लग्न झाल्यापासून मी हिला धक्काच म्हणतो, सरकारी नाव आत्ता पडलं."

हातातल्या रेडिओची ताकद बेताची असते. साधारण जिथपर्यंत नजर जाते, तिथपर्यंतच आवाज जातो. तिसऱ्या बोयाजवळून ह्यांचा आवाज जरा पातळ यायचा, दुसऱ्यापासून स्वच्छ. कामाचं बोलणं दोन वाक्यांत संपायचं. मग हे हळूच विचारायचे, "गुडघा कसा आहे? ओव्हर." चॅनलवर घरगुती बोलायला बंदी आहे. पण खाडीतले सगळे कोळी ते ऐकायचे आणि माझ्या गुडघ्याची चौकशी मला बाजारात व्हायची.

त्या दिवशी दुपारी हे तिसऱ्या बोयाचा दिवा बदलायला गेले होते. ऊन होतं. मी किटली ठेवली आणि वळून पाहिलं तर खाडीचं तोंड दिसेना. समुद्रावरून धुकं आत येत होतं, अगदी सावकाश, कुणी चादर ओढून घ्यावी तसं. मी बटण दाबलं.

"लाँच, लाँच, धक्का बोलतेय. धुकं येतंय. निघा. ओव्हर."

"दिसतंय. निघालोच. तू भोंगा चालू—"

पुढे नुसती खरखर. मी हाका मारत राहिले. मधूनमधून थांबून ऐकत राहिले. धक्क्यावरचा भोंगा लावला. काचांना बाहेरून पांढरा रंग दिल्यासारखं झालं होतं.

मग खाली, धक्क्याला बांधलेल्या टायरवर काहीतरी घासलं. मी जिना उतरले तेव्हा हे लाँचमधून वर चढत होते. नखशिखान्त भिजलेले.

"सेट पडला पाण्यात," एवढंच म्हणाले.

"अहो, सेट गेला चुलीत. तुम्ही आलात ना?"

"आलो ना," हे म्हणाले, आणि माझा हात धरून जिना चढले. हात बर्फासारखा होता. त्यांनी चहा घेतला, घरी येऊन झोपले, सकाळी उठून पेपरमधल्या कोड्यावरून माझ्याशी भांडले. माझा जीव भांड्यात पडला. कचेरीने नवा सेट दिला आणि सगळं पूर्ववत चालू झालं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर उन्हात, मी टेबलाशी बसले असताना सेट बोलला.

"धक्का, धक्का, लाँच बोलतोय. आवाज कसा येतोय? ओव्हर."

मी सवयीने उत्तर दिलं, "स्वच्छ येतोय. ओव्हर."

"बरं झालं. मघापासून तुझं काही ऐकूच येत नव्हतं. धुकं फार आहे गं. तिसऱ्या बोयाला धरून उभा आहे. ओव्हर."

मी खिडकीतून खाली पाहिलं. लाँच खुंटाला बांधलेली होती. हे तिच्यात पाय सोडून बसले होते आणि दोरखंडाचं उसवलेलं टोक विणत होते. दोन्ही हात दोरात. खाडी आरशासारखी चकचकत होती. ह्यांचा नवा सेट माझ्यासमोर चार्जरवर होता.

कुणीतरी चेष्टा करतंय, असं मी ठरवलं. तसं ठरवणं सोपं होतं.

दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी शाळेत शिकवायचे तशी पायरीपायरीने गेले. आधी सेटची अँटेना काढली. खाडीतल्या कोळ्यांचं बोलणं एकदम बंद झालं. तो आवाज होता तसाच राहिला. दुसरा चॅनल लावला. तिथेही तोच. सेट बंद केला तेव्हा मात्र थांबला, आणि त्या शांततेत मला इतकं वाईट वाटलं की मी लगेच पुन्हा चालू केला.

"गेली होतीस कुठे?" आवाज म्हणाला. "दुसऱ्या बोयाकडे निघालोय. अगदी हळू. गुडघा कसा आहे तुझा? ओव्हर."

चेष्टा करणाऱ्याला गुडघा माहीत असू शकतो. सगळ्या खाडीला माहीत होता. म्हणून मी विचारलं, "लेकीच्या लग्नात तुम्ही कुठे जाऊन रडलात? ओव्हर."

खरखर झाली. मग आवाज जरा लाजून म्हणाला, "धुक्यात अडकलेल्या माणसाला हे विचारतात का? भांड्यांच्या खोलीत. मोठ्या पातेल्यामागे. आणि तू कुणाला सांगणार नव्हतीस. ओव्हर."

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी घरी, भाजी निवडता निवडता, मी ह्यांनाही तेच विचारलं. हे हसले. "भांड्यांच्या खोलीत," म्हणाले. "मोठ्या पातेल्यामागे. आज कसं आठवलं?" मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तेच डोळे, कानामागचा तोच तीळ, तीच मान कलती करून हसायची तऱ्हा. लेक फोनवर बापाशी तासभर बोलली आणि तिला काही वेगळं वाटलं नाही. मलाही वाटत नव्हतं. माझा नवरा माझ्या शेजारी बसून मटार सोलत होता आणि अर्धे खात होता.

यंत्र तपासायचं म्हणून मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो सेट उघडून बसला असतानाच हाक आली. मिस्त्रीने मान वर केली. खिडकीतून खाली पाहिलं. खाली हे कुणाला तरी रंगाचा डबा दाखवत होते.

"साहेबांचाच आवाज आहे," मिस्त्री म्हणाला.

"हो."

त्याने सेट बंद करून स्क्रू लावले, हत्यारं पिशवीत भरली. "यंत्र चांगलं आहे, बाई," तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला. पुढे कधी केबिनमध्ये आला नाही. काही लागलं तर खालूनच विचारायचा.

मी बोलत राहिले. काय करणार? धुक्यात अडकलेला माणूस हाक मारतो तेव्हा उत्तर द्यायचं, त्याचसाठी मला तिथे बसवलं होतं. आणि आवाज माझ्या माणसाचा होता. त्याच्या लेखी ती दुपार अजून संपलीच नव्हती. मी विचारायचे, थंडी वाजतेय का. तो म्हणायचा, आत्ताच तर विचारलंस. मधे आमचा एक पाहुणा येऊन राहून गेला, घराला रंग लागला, माझ्या गुडघ्याला नवा पट्टा आला. तिकडे तो दुसऱ्या बोयापासून हातभर पुढे सरकला होता. दिवसभर मी एकाला धीर द्यायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याबरोबर चालत घरी यायचे. दोघांची मला सारखीच काळजी वाटायची. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. ज्यांना सगळं सांगायची सवय, त्यांनाही नाही.

शेवटी त्यांनाच सांगितलं. दुपारचे डबे उघडले होते. हे जेवता जेवता थांबले, पण दचकले नाहीत.

"कुठपर्यंत आलाय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या बोयाजवळ."

"मग आज येईल."

"अहो, पण तो कोण आहे?"

ह्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. "मला त्या दिवशी धुक्यात काहीच ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "तुझा आवाज नाही, भोंगा नाही. नुसतं पांढरं. मग एका ठिकाणी हा धक्का दिसला, आणि वर तू उभी. इतकी घाबरलेली. तुला पाहून फार बरं वाटलं मला."

"म्हणजे काय?"

उत्तर आलं ते टेबलावरून.

"धक्का, धक्का, लाँच बोलतोय. पहिला बोया डाव्या हाताला दिसला. आता कुठे वळू? ओव्हर."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. सेट उचलून नुसताच मुठीत घट्ट धरला. बाहेर ऊन होतं; फक्त धक्क्याच्या टोकाशी, पाण्यालगत, थोडं पांढरं दिसू लागलं होतं.

"सांग ना त्याला," हे हलकेच म्हणाले. "बिचारा किती वेळ बाहेर आहे."

"आणि तुम्ही?"

"माझं काय. इतके दिवस जेवलो, झोपलो, तुझ्याशी भांडलो. सांग. वाळूवर चढेल नाहीतर."

मी बटण दाबलं. क्षणभर थांबले.

"लाँच, धक्का बोलतेय. बोया डावीकडेच ठेवा. सरळ या. मी इथेच आहे. ओव्हर."

"तू आहेस म्हणून तर येतोय. ओव्हर."

ह्यांनी डबा झाकला. दारामागचा रेनकोट घातला, बटणं गळ्यापर्यंत लावली. जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीच्या ठेवतात तसा. आमच्यात असं कधी नव्हतं.

"गुडघा सांभाळ," म्हणाले.

मी खिडकीशी गेले. धुकं खुंटापर्यंत आलं होतं. बांधलेली लाँच त्यात दिसेनाशी झाली.

हे धुक्याच्या काठाशी उभे राहिले. हात पुढे केला.

इंजिनाचा आवाज आला. ओळखीचा, थोडा खोकणारा.

आतून एक दोर आला. ह्यांनी तो झेलला, खुंटाला दोन वेढे मारले आणि आत पाऊल टाकलं.

मी हाक मारली नाही. सेट हातात होता. नुसती खरखर.

मग जिन्यावर पावलं वाजली. हे वर आले. रेनकोटातून पाणी गळत होतं, ओठ निळे पडले होते. त्यांनी कोट काढून दारामागच्या खिळ्याला टांगला आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले.

"आलो बाई एकदाचा," ते म्हणाले. "तू नसतीस तर गेलोच होतो." मग खुर्चीत बसून दोन कप चहा घेतला, ह्यांचा उरलेला डबा उघडला आणि चाटून पुसून खाल्ला. खाता खाता म्हणाले, "मघाशी तू गप्प झालीस ना, तेव्हा बटण चुकून दाबलं गेलं होतं तुझं. मागे कुणीतरी बोलत होतं. पुरुषाचा आवाज. कोण आलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "मिस्त्री असेल."

ते खुर्चीतच डुलकी घ्यायला लागले. तोंड उघडं ठेवून, नेहमीसारखे. मी त्यांच्या अंगावर माझी शाल घातली.

बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. मी जिना धरून खाली गेले. खुंटाला एकच दोर होता आणि एकच लाँच. तिच्या बाकावर एक रेनकोट ठेवला होता. वरून कोरडा, आतून ओला. डाव्या खिशाला हिरव्या दोऱ्याचे टाके. निळा दोरा संपला म्हणून मीच घातलेले. वर खिळ्याला टांगलेल्या कोटाला तेच टाके होते, तितकेच, शेवटचा तसाच तिरका.

बाकावरच्या कोटाची कुणीतरी नीट घडी घातली होती, बाह्या आत दुमडून. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात कधी कपड्याची घडी घातलेली नाही.

मी तो उचलून वर आणला. दोन्ही कोट शेजारी शेजारी वाळत घातले.