नावाची ओळ

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास चारुलताच्या पडद्यावर एकशे त्रेचाळीस चुका होत्या, आणि ती खुशीत होती.

बुऱ्हाणपूरहून चांदनीकडे जाताना रस्त्याला लागून मोतीलाल शेठचं केळी पिकवण्याचं केंद्र आहे. पत्र्याची लांब शेड, तिच्यात सहा चेंबर, चेंबरांत छताला टेकलेली कॅरेटं. कोपऱ्यात काचेची खोली आणि तिच्यात कॉम्प्युटर. चेंबर किती गार ठेवायचं, गॅस कधी सोडायचा, कोंडलेली हवा बाहेर टाकायला पंखे कधी लावायचे, हे सगळं नंदकुमार सरांचा प्रोग्राम बघायचा. सर कॉलेजात फिजिक्स शिकवत. रिटायर झाल्यावर पाच वर्षं त्यांनी या प्रोग्रामवर घालवली आणि दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हार्ट अटॅकने गेले. प्रोग्राम मात्र चालत राहिला. शनिवारी व्होल्टेज वाढून कॉम्प्युटर जळाला, तेव्हापासून शेडवर काम करणारे कौतिकभाऊ मनगटावरच्या घड्याळाकडे बघत सहाही दारं हाताने उघडत-लावत होते.

शेठचा मुलगा रितेश याने नवी सिस्टिम विकणाऱ्या इंदूरच्या एका कंपनीचा माणूस पाच वाजता बोलावला होता. शेठ चारुलताला म्हणाले होते, “पाचपर्यंत चाललं तर सरांचं राहील, बेटा. नाही तर सही करून टाकू.”

चारुलता बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्याची, सरांच्या शेवटच्या बॅचची. एम.एस्सी. झाली तेव्हा सर नव्हते. त्यांचं काम एका सहीने भंगारात जावं, हे तिला सोसणारं नव्हतं. शारदाकाकूंकडून, म्हणजे सरांच्या बायकोकडून, तिने सरांचा पेनड्राइव्ह आणला होता. त्यात प्रोग्रामचा सोर्स होता, म्हणजे सरांनी टाइप केलेल्या मूळ ओळी. नव्या मशीनवर त्या कंपायलरमधून काढून पुन्हा चालता प्रोग्राम बांधायचा, एवढंच काम. पण जुना कंपायलर जे चालवून घ्यायचा, ते नवा चालवून घेत नव्हता.

“दीदी, सेंच्युरी तर कधीच झाली,” रितेश पडद्याकडे बघून म्हणाला.

“पहिली चूक खरी. बाकीच्या तिच्यामागून आल्यात.”

“बारातीसारख्या?”

“तशाच. नवरदेवाला आवरलं की घरी जातात.”

हे सरांचंच शिकवणं. खालची चूक बघायची नाही, सगळ्यात वरची वाचायची. वरची चूक एका न सापडणाऱ्या फाइलची होती. तिचा पत्ता चारुलताने नीट दिला आणि एकशे त्रेचाळीसच्या एकसष्ट झाल्या. जुन्या पद्धतीने, आधी जाहीर न करता वापरलेली फंक्शन्स तिने एकेक करून वर जाहीर केली, तेव्हा सात उरल्या. रितेश चहा घेऊन आला तो खुर्ची ओढून बसलाच.

कोड वाचताना तिला एक गोष्ट खटकली. पाच वर्षांच्या कामात सरांनी स्पष्टीकरणाची एक ओळ लिहिलेली नव्हती. आणि शेवटच्या नऊ दिवसांत पानंच्या पानं लिहिली होती. हा पंखा आधी का, तो नंतर का, मार्चमध्ये काय बदलायचं, हा आकडा कुठून आला. पहिल्या फाइलच्या माथ्यावर होतं: ‘सावकाश वाच. सगळं इथे आहे.’

कुणीतरी आपल्यासारखं येणार हे सरांनी ओळखलं होतं, या विचाराने तिला भरून आलं.

त्याच नऊ दिवसांतल्या बांधणीच्या नोंदीही पेनड्राइव्हवर होत्या. प्रत्येकीत एक सूचना होती: ‘देखरेख’ नावाच्या फाइलची बदलाची वेळ इतके सेकंद पुढची आहे. म्हणजे फाइल अजून न आलेल्या क्षणी बदललेली दिसत होती. कुठली फाइल नवी आणि कुठली जुनी हे वेळेवरून ठरवणारं अवजार अशी कुरकुर करतं, तेव्हा बहुतेक घड्याळ बिघडलेलं असतं. पहिल्या नोंदीत सात लाख एक्याण्णव हजार सेकंद होते, मग दर नोंदीला कमी. शेवटची नोंद दुपारी चार वाजून दहा मिनिटांची. तीनशे बारा सेकंद.

कॉम्प्युटरचा सेल उतरला असणार. तरी खात्री करावी म्हणून तिने शारदाकाकूंना फोन लावला.

“काकू, सरांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे-पुढे व्हायचं का हो?”

“काय माहीत ग. पण त्या शेवटच्या आठवड्यात घरातली सगळी घड्याळं मिळवत बसायचे. दिवसातून तीन-तीनदा. मी म्हटलं, रिटायर माणसाला कोणती गाडी पकडायचीये?”

“मग?”

“हसले. म्हणाले, सगळी बरोबर आहेत, शारदा.” काकू सांगत राहिल्या. “गेले त्या दिवशी सव्वाचारला मी चहा ठेवला. दुधाला उकळी आली नव्हती बघ अजून. तुझं चालतंय ना? त्यांचं चालू राहिलं पाहिजे ग.”

“चालेल, काकू.”

फोन ठेवल्यावर तिने तीनशे बाराला साठने भागलं. पाच मिनिटं, बारा सेकंद. चार दहात पाच मिळवले. मग तिने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली.

साडेचारला एकच चूक उरली. ती सरांनी मुद्दाम ठेवलेली होती. प्रोग्राम सुरू होताना देखरेख करणाऱ्याचं नाव दाखवायचा, आणि ते नाव नसेल तर बांधणीच होऊ द्यायची नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. ‘देखरेख’ फाइल उघडली तर नावाची ओळ कोरी. सरांच्या शेवटच्या नोंदीतही हीच चूक होती. म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी, तीनशे बारा सेकंद राहिले असताना, स्वतःचं नाव सरांनीच पुसलं होतं.

“नाव पाहिजे त्याला,” ती म्हणाली.

“तुझंच टाक. आणखी कोणाचं टाकणार?” रितेश म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तिने आपलं पूर्ण नाव टाइप केलं. सरांच्या जागी आपलं नाव बघून तिची पाठ आपोआप ताठ झाली.

चार चाळीसला बांधणी पूर्ण झाली. एकही चूक नाही. पहिल्या चेंबरचा पंखा घरघरला, मग दुसऱ्याचा, मग ओळीने सगळे. शेडमध्ये पिकत्या केळ्यांचा गोड वास पसरला. कौतिकभाऊंनी दाराची कडी सोडली आणि कपाळ पुसलं.

“सुटलो बाई,” ते म्हणाले. “दोन दिवस झाले, डोळा घड्याळावरच होता.”

मोतीलाल शेठ काचेशी उभे राहून पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचत होते. “लोधीपुऱ्याची पोरगी आहे,” ते रितेशला म्हणाले, जणू त्याला माहीतच नव्हतं. “इंदूरवाल्याला फोन कर. म्हणावं, केळी खायला ये. सही नाही होणार.”

चारुलता हसली आणि पडद्याकडे वळली. बांधणीच्या शेवटच्या ओळीच्या वर एक ओळ होती.

‘देखरेख’ची बदलाची वेळ ८,४२,४१७ सेकंद पुढची आहे.

सकाळपासून ही सूचना एकदाही आली नव्हती.

तिने कॉम्प्युटरचं घड्याळ बघितलं. नवं मशीन, नवा सेल. मग फोन बघितला.

“कौतिकभाऊ, तुमच्यात किती?”

“चार बेचाळीस.”

सगळीकडे चार बेचाळीसच.

तिने फाइलला आत्ताची वेळ दिली आणि पुन्हा बांधणी केली. ८,४२,२०५.

फाइल पुसून नव्याने लिहिली. ८,४२,०९८.

नव्याने लिहिताना गौरवचं, आपल्या भावाचं नाव टाकावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं होतं. बोटं कीबोर्डवर थांबली होती. मग तिने आपलंच टाकलं.

“एरर आहे का काही?” रितेशने विचारलं.

“नाही. वॉर्निंग आहे. प्रोग्रामला काही होत नाही त्याने.”

भागाकार तिला करावा लागला नाही. तो मनात आपोआप झाला. पहिल्या आकड्याचे नऊ दिवस, अठरा तास, सतरा सेकंद. पुढच्या आठवड्यातला गुरुवार. सकाळी दहा चाळीस.

“बेटा,” शेठ म्हणाले, “देडतलाईला नवीन चेंबर घालतोय. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी जाऊ बघायला. तिथे पण तूच पाहिजे.”

“शुक्रवारी नाही जमणार, शेठ.”

“मग?”

“उद्या जाऊ.”

शेठना तिचा उत्साह आवडला. ते हसत बाहेर गेले, कुणाला तरी तिचं नाव सांगत.

चारुलताने काकूंना फोन करून पंख्यांचा आवाज ऐकवला. काकू बराच वेळ ऐकत राहिल्या. मग तिने पहिली फाइल उघडली. कोड सरांचा होता, पण आज केलेले बदल तिचे होते, आणि ते का केले हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने सगळ्यात वरच्या बदलापासून सुरुवात केली. साधी, स्वच्छ मराठी, एका ओळीत एकच गोष्ट, कुणालाही कळेल अशी. इतकं नेटकं तिने आजवर कधी लिहिलं नव्हतं.

मध्ये एकदा थांबून तिने ‘देखरेख’ उघडली. आपलं नाव वाचलं. त्याला हात लावला नाही.

फक्त त्याच्या खाली एक ओळ मोकळी सोडली.