गुळगुळीत बाजू

घाई यतीनच्या रक्तातच नव्हती. आठवडाभर तो सांवेर रोडवरच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासायचा आणि रविवारी दुपारी विजय नगरच्या फ्लॅटमध्ये हाच उद्योग जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर करायचा. त्याची बायको म्हणे, गाणं कमी, मापंच जास्त. तिचं काही खोटं नव्हतं.

त्या रविवारी समोरच्या शशिकलाकाकू एक रेकॉर्ड घेऊन आल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, सरोजिनीचं गाणं घरच्यांनी हौसेनं उतरवून घेतलं होतं. एकच प्रत, तीही एकाच बाजूवर. दुसरी बाजू कोरी, गुळगुळीत. सरोजिनी तरुणपणीच गेली.

"बेटा, डॉक्टर म्हणतो, कान आता जाणारच," काकू कानातल्या मशीनवर बोट ठेवून म्हणाल्या. "मग मशीन लावूनही उपयोग नाही. त्याच्या पहले ताईला एक बार ऐकवून दे. बस."

यतीनने कसूर ठेवली नाही. कागदी मापावर धरून सुईचं कार्ट्रिज सरळ बसवलं, सुईचा भार छोट्या काट्यावर तोलून पाहिला. पण गाण्याची बाजू लावली तर नुसती खरखर. खाचा पार झिजून गेल्या होत्या. काकू पुढे झुकून ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

एक शेवटचा उपाय उरला होता. रेकॉर्ड फिरताना टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, मध्याकडे आत ओढला जातो. उलटा ताण देऊन ती ओढ नीट साधली नसेल तर सुई खाचेची एकच भिंत घासत राहते. हे तपासायला खाचा नसलेली तबकडी लागते आणि ती तर इथे आयतीच होती. यतीनने काकूंची रेकॉर्ड उलटी करून कोऱ्या बाजूवर सुई टेकवली. ओढ साधली असेल तर सुई जागीच राहते, नसेल तर सर्रकन घसरते.

ती घसरली नाही की थांबली नाही. खाचेतून जावी तशी संथपणे आत चालू लागली.

स्पीकरमधून कुणी श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग एका तरुण बाईचा आवाज, अगदी स्वच्छ.

"शशी, हलक्या हाताने गं. दुखतंय."

यतीनने वाकून सुईखाली पाहिलं. काकू मात्र हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी तिची वेणी घालायला बसले की ताई रोज असंच ओरडायची."

"काकू, या बाजूला काहीच भरलेलं नाही. सुईला खाचच नाहीये."

"ते राहू दे रे. तू पहले वजन कम कर. तिला दुखतंय ना!"

त्याने टोनआर्मच्या मागचं वजन जरासं फिरवलं.

"अजून हलक्या," आवाज म्हणाला.

त्याने आणखी फिरवलं. एवढ्या कमी भाराने सुई उडायला हवी होती. ती उडाली नाही. आवाज गुणगुणू लागला.

"और थोडं," काकू कुजबुजल्या.

टोनआर्म वर तरंगला. सुई आणि रेकॉर्ड यांच्या मधून खिडकीतला उजेड दिसू लागला.

गुणगुणणं चालूच होतं.

यतीनने भिंतीतला प्लग ओढून काढला. तरीही.

तेव्हा त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. काकूंच्या कानांतली दोन्ही मशीनं तिथे पडली होती. कधी काढली, कोण जाणे.

"काकू!" त्याने मोठ्याने हाक मारली.

त्यांना ती ऐकूच गेली नाही. मान कलती करून त्या ताईचंच ऐकत होत्या आणि समोरच्या रिकाम्या हवेत त्यांची बोटं तीन पेड गुंफत होती.

तरंगणारा टोनआर्म मधल्या लेबलापाशी पोचला. आवाज थांबला.

"झाली बघ," काकू कुणाला तरी म्हणाल्या आणि त्यांनी हात पदराला पुसले.

पांढऱ्या पदरावर माक्याच्या तेलाचे हिरवट डाग उठले.